नवरा, बायको आणि बेसाल्ट

लग्नात, वास्तुशांतीला, शाळेच्या गेट-टुगेदरला आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'तुम्ही दोघं नक्की करता काय हो?' जिऑलॉजिस्ट आहोत म्हटलं की समोरचा चेहरा आधी उजळतो आणि मग गोंधळतो. एका काकूंनी तर लगेच तळहात पुढे केला होता, पत्रिका नंतर पाठवते म्हणाल्या. दुसऱ्या एका गृहस्थांची समजूत झाली की आम्ही वाघ मोजतो. 'दगडांचा अभ्यास' असं साध्या मराठीत सांगितलं तर पुढचा प्रश्न तयार असतो, 'ते झालं, पण नोकरी कुठे?' आता काय सांगणार! काका, नोकरी तीच आहे. आणि सध्याचा पत्ता आहे राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे तुमच्या डोक्यातलं अहमदनगर.

पुणेकर असाल तर राजूरवरून तुम्ही नक्की गेला आहात. भंडारदऱ्याला जाताना संगमनेर, अकोले, मग राजूर. तुम्ही एसटी स्टँडजवळ चहा घेतला असेल, पेढ्यांचा बॉक्स घेतला असेल आणि पुढे सुटला असाल. मुंबईकर घोटीकडून येतात, बारीला कळसूबाईसाठी थांबतात किंवा शेंडीला धरणाकडे वळतात, त्यांच्या वाटेत आमचं गाव येतच नाही. मे संपता संपता काजवे बघायला तुमच्या गाड्यांची जी रांग लागते, त्यात आमची सेकंडहॅण्ड जीप अनेकदा अडकलेली असते. चिखलाने माखलेली, मागे कापडी पिशव्यांमधून दगड भरलेली जीप दिसली तर प्लीज साइड द्या. आम्ही घरी जात असतो.

तर राजूर. तुमच्यासाठी हा वीकेण्ड, आमच्यासाठी सोमवार ते शुक्रवार. प्रवरेच्या खोऱ्यातलं हे आडव्या डोंगरांच्या कुशीतलं बाजाराचं गाव. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे आहे, त्यामुळे आश्रमशाळांपासून खावटीपर्यंतच्या कामांसाठी आजूबाजूच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमधली माणसं इथेच येतात. डांगी बैलांचं मोठं प्रदर्शन इथे भरतं. डांगी म्हणजे धो धो पावसात चिखलात उभं राहून काम करणारी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देखणी जात. आमच्या लेकीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, 'आई, याच्या अंगावर शाई सांडली का?'

आम्ही इथे तीन वर्षं आहोत. दोन खोल्या भाड्याने, पुढे पडवी, पडवीत दगड. घरमालकीण मावशींनी पहिल्या वर्षी अंगण झाडताना आमचे सहा नमुने कुंपणापलीकडे फेकले होते. त्यांचं चुकलं असं कुणीही म्हणणार नाही, दगडच होते ते. आता त्या फेकण्याआधी विचारतात, 'ताई, हा लागायचा का?'

दगड म्हणजे कोणता? एकच. बेसाल्ट. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच एका खडकाचा आहे आणि लग्नाआधी माझ्या नवऱ्याचं मत होतं की त्यामुळे महाराष्ट्र हा जिऑलॉजिस्टसाठी जगातला सगळ्यात बोअरिंग प्रदेश आहे. (हे त्याने मला पहिल्या भेटीत ऐकवलं. मी बेसाल्टवर डिसर्टेशन करत होते. तरीही लग्न झालं, नशीब त्याचं.) सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. सिनेमातल्यासारखा शंकूच्या टोकातून उसळणारा डोंगर डोळ्यांसमोर आणू नका. लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा पसरत गेला, थिजला, त्यावर काही काळाने पुन्हा नवा. थरावर थर. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यानंतर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, गवताची एक, काळ्या भिंतीची एक, पुन्हा गवताची एक, ते हेच थर. कठीण थराचा कडा होतो आणि मऊ थराचा उतार, त्यावर गवत वाढतं. पुढच्या वेळी कोकणकड्यावर सेल्फी काढाल तेव्हा चेहरा जरा बाजूला करा, मागे पट्ट्या येऊ द्या.

या थरांच्या सगळ्यात खालच्या गठ्ठ्याला जगभरचे जिऑलॉजिस्ट 'कळसूबाई उपगट' म्हणतात. हो, आपलीच कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. १९८०च्या दशकात या खडकांचं रसायन तपासून थरांची वर्गवारी झाली, त्यात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बराव आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांचं मोठं काम आहे. त्या गठ्ठ्यांची नावं वाचली तर एसटीचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. प्रिन्स्टनमधला प्राध्यापक 'पोलादपूर' असं काही म्हणतो की आपल्याला हसू आवरत नाही.

प्रिन्स्टनचा उल्लेख उगाच नाही केला. २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले, एक प्रिन्स्टनच्या लोकांचा, एक बर्कलेच्या. दोन्ही याच लाव्ह्याच्या वयाबद्दल. डायनोसॉर उल्केने मेले की आपल्या लाव्ह्याने, हे भांडण जुनं आहे आणि ते सोडवायचं तर कोणता थर नेमका कधी आला हे कळायला हवं. प्रिन्स्टनवाल्यांनी दोन थरांमधल्या तांबड्या मातीतून झिरकॉनचे बारीक कण वेचून त्यांचं वय काढलं, दुसऱ्यांनी खुद्द बेसाल्टमधल्या खनिजांचं. उत्तरं पूर्णपणे जुळली नाहीत. एकाच डोंगराचं वय काढायला दोन हुशार गट बसले आणि दोघांचं घड्याळ थोडं वेगळं लागलं. पण कळसूबाईच्या पोटातले थर उल्का आदळण्याच्या आधीचे, यावर दोघांचं एकमत आहे. म्हणजे शिखरावर जाताना त्या लोखंडी शिड्यांवर तुमचा जीव जातो ना, तिथला खडक थिजला तेव्हा डायनोसॉर अजून मजेत होते.

असो. आमचं काम इतकं ग्लॅमरस नाही. आम्ही एका छोट्या संस्थेसाठी पाण्याचं बघतो. कोणत्या थरात पाणी मुरतं, कोणत्या थरावर ते अडतं, झरा कुठे फुटतो आणि एप्रिलमध्ये का आटतो. इथपर्यंत यायला आम्हा दोघांना बराच फेरफटका मारावा लागला.

सुरुवात लोणारपासून. हनीमूनला आम्ही लोणारला गेलो होतो. गोवा, मनाली, केरळ सगळं सोडून बुलढाणा जिल्ह्यात, आणि तेही मार्चमध्ये! सासूबाईंनी नातेवाइकांना 'ते दोघं औरंगाबाद साइडला गेलेत, वेरूळ-अजिंठा' असं सांगितलं होतं. लोणार म्हणजे बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी. आमच्यासाठी ती काशी. तिथले आमचे एकूण एकशे चाळीस फोटो आहेत. त्यातल्या एकशे एकवीस फोटोंमध्ये हातोडी आहे. दगडाचा फोटो काढताना आकार कळावा म्हणून शेजारी काहीतरी ठेवायचं असतं, हातोडी, नाणं, पेनाचं टोपण. एका फोटोत त्याने मला उभं केलंय. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'स्केल : बायको, ५ फूट २ इंच'. याहून रोमॅण्टिक काही अपेक्षा असेल तर इंजिनीअरशी लग्न करा.

नंतर तो कोळशाकडे गेला, चंद्रपूरला. मी कोकणात, जांभ्याच्या सड्यांवर. दोन वर्षं आम्ही नवरा-बायको होतो ते महिन्यातून चार दिवस. तुमच्यातले बरेच जण पुणे-बंगळूर असा संसार करत असतील, त्यांना हे सांगायला नको. फरक एवढाच की आमच्याकडे रात्री नऊला फोन लागेलच याची खात्री नव्हती. रेंज टेकडीवर. टेकडीवर रात्री कोण जाणार? आम्ही एकमेकांना फील्ड डायरीतली पानं पोस्टाने पाठवायचो. त्याच्या एका पत्रात पहिलं दीड पान वाळूच्या खडकाच्या कणांचं वर्णन आहे आणि शेवटच्या ओळीत, 'ताप आहे, कमी होतोय'. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसले.

त्यानंतर ठरवलं, पैसे कमी मिळाले तरी चालेल, एकत्र काम मिळेल तिथे जायचं. कच्छमध्ये खडीर बेटावर एक हिवाळा काढला, जिथे दगड झालेली ज्युरासिक झाडाची खोडं पडलेली दिसतात. लडाखला एका मित्राच्या टीमबरोबर पाच आठवडे होतो. लामायुरूला पर्यटक ज्याला 'मूनलॅण्ड' म्हणतात ना, ती एका जुन्या तळ्याच्या तळाची माती आहे. हे आमच्या टॅक्सी ड्रायव्हरला नवऱ्याने सांगितलं आणि तो इतका नाराज झाला की पुढे कारगिलपर्यंत बोलला नाही. आणि मग राजूर. राजूरला आम्ही पाच महिन्यांसाठी आलो होतो.

दगड बघायचे दोन प्रकार असतात आणि ते नेमके आमच्या घरात वाटले गेले आहेत. मी लांबून बघते. समोरच्या डोंगराला पाठ दाखवणार नाही असं बसते, थर मोजते, रेघ किती दूरवर सलग जाते ते पाहते, वहीत चित्र काढते. तो सरळ जाऊन भिंतीला नाक लावतो. भिंग डोळ्याला, पंधरा मिनिटं गायब. त्यामुळे संध्याकाळी आमच्या वह्या शेजारी ठेवल्या की एकाच डोंगराची दोन वेगवेगळी गावं वाटतात. भांडण तिथे सुरू होतं. तुमच्याकडे बायका ऑफिसची भांडणं घरी आणत नाहीत आणि घरची ऑफिसला नेत नाहीत, असा एक फंडा मासिकांमधून वाचला आहे. आम्हाला तो परवडत नाही. आमचं ऑफिस आणि घर यांच्यामध्ये फक्त जीप आहे.

बाई म्हणून मला एक जास्तीचं काम असतं. वाडीत शिरल्यावर पहिला प्रश्न, 'साहेब कुठायत?' साहेब भिंतीला नाक लावून बसलेले असतात. मग मी सांगते की जे काय विचारायचं ते मला विचारा. हल्ली लोकांना सवय झालीये. ज्यांना अजून वाटतं की बाईला हे जमतं का, त्यांना मी एकच गोष्ट सांगते. १९८३-८४च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय बायका म्हणजे भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. पंत आपल्या नागपूरच्या. तिकडे बर्फात जमलं, इथे तर चहा पण मिळतो.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर असतो. 'धरण येणार काय इथं?' हातोडी, नकाशा, जीपीएस घेतलेली दोन माणसं डोंगरात फिरताना दिसली की या तालुक्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो आणि त्याला कारण आहे. भंडारदऱ्याचं धरण १९१०ला सुरू होऊन १९२६ला पूर्ण झालं, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने विल्सन डॅम. खाली निळवंडे झालं. वर घाटघरला २००८मध्ये अडीचशे मेगावॉटचा वीज प्रकल्प सुरू झाला, ज्यात पाणी रात्री वर चढवतात आणि गरज पडली की खाली सोडतात. पाणी इथे पडतं, इथे अडवलं जातं आणि इथून जातं. ज्या तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजताना चार आकडे पुरत नाहीत असं वाटावं, त्याच तालुक्यातल्या उंचावरच्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. याचं उत्तर खडकात आहे. खालचा पाषाण ठणठणीत, उतार उभे, पाणी मुरायला वेळच मिळत नाही. मुरतं ते थोडंसं, भेगाळलेल्या थरात किंवा विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या पोकळ्या-पोकळ्यांच्या खडकात. ते खाली झिरपत तांबड्या मातीच्या पट्ट्यावर किंवा पाषाणावर येऊन अडतं आणि उताराला बाहेर पडतं. तोच झरा. वाडीची वस्ती त्या झऱ्यामुळेच तिथे आहे.

आता खरी गोष्ट. अशाच एका वाडीत, नाव नको, चाळीसएक घरं, वर झरा. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये वीस लिटरची कळशी भरायला वीस मिनिटं लागत होती. मी घड्याळ लावून मोजलं आहे. बायका रात्री दोनला उठून नंबर लावत होत्या. आणि वाडीला कुणीतरी बोअर द्यायला तयार होता. फुकट. गाडी आणतो, मोटर बसवतो, तुम्ही फक्त जागा दाखवा. जागा दाखवायचं काम आमच्याकडे आलं.

माझं म्हणणं होतं, नको. झऱ्याच्या वर किंवा बाजूला भोक पाडलं तर ज्या थरातून झऱ्याला पाणी येतं तोच थर तुम्ही खालून ओढून घेणार. दोन वर्षं मजा, मग झराही नाही आणि बोअरही कोरडी. शिवाय मोटर म्हणजे बटण, आणि बटण ज्याच्या पडवीत त्याचं पाणी. झऱ्यावर सगळ्यांचा नंबर लागतो, बटणाला नंबर लागत नाही.

त्याचं म्हणणं वेगळं. त्याने खालच्या ओढ्यात तीन दिवस नाक घासून तांबड्या मातीचा पट्टा शोधला होता आणि त्याच्याखाली एक भेगाळलेला थर. तो म्हणाला, हा थर वेगळा आहे. मधला पट्टा सलग असेल तर खाली बोअर घेतली तरी वरच्या झऱ्याला धक्का लागणार नाही. 'हातपंप लावू, मोटर नको. पण माणसं रात्री दोनला उठतायत आणि आपण त्यांना थर समजावून सांगतोय, हे मला पटत नाही.'

'असेल तर' या दोन शब्दांवर आमचं भांडण होतं. तो पट्टा मी समोरच्या डोंगरावरून पाहिला होता आणि मला तो मध्येच पातळ होऊन नाहीसा होताना दिसत होता. त्याच्या मते तिथे दरड कोसळून झाकला गेलाय. दोन्ही शक्य आहे. तांबडी माती अशीच असते, कुठे मीटरभर जाड, कुठे बोटभर, कुठे नाहीच. तिथे खणून बघायला पैसे नाहीत.

चार दिवस घरात फक्त मीठ-साखरेपुरतं बोलणं झालं. पाचव्या दिवशी वाडीची बैठक होती. मी माझं सांगितलं, त्याने त्याचं. दोघांनी खडूने समाजमंदिराच्या फरशीवर चित्रं काढली. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी मागे बसलेल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, 'बया, तुमचं दोघांचं घरात ठरंना आन् आमाला कशाला इचारता?' सगळी वाडी हसली. आम्हीही हसलो, काय करणार. पण मग त्याच आजींनी नेमका मुद्दा काढला. लग्न होऊन आल्या तेव्हापासून झरा त्यांच्या डोळ्यांसमोर आहे, पूर्वी होळीपर्यंत तो जोरात असायचा. वरची झाडी गेल्यावर आधी कमी झाला आणि मग गुरांनी तोंडाशी चिखल केला तेव्हा आणखी. 'त्याचं काय?' असं विचारून त्या बसल्या.

वाडीने जे ठरवलं ते ना माझं होतं ना त्याचं. आधी झऱ्याचं तोंड दगडात बांधून घ्यायचं, गुरं बाहेर. खाली टाकी, म्हणजे रात्रभर वाया जाणारं पाणी साठेल. वरच्या माळावर चराई बंद, चर खणायचे. आणि झऱ्याचं पाणी वर्षभर मोजायचं, दर आठवड्याला. बोअरचा निर्णय आकडे बघून पुढच्या मे महिन्यात. नवऱ्याला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. एक उन्हाळा आणखी काढायचा म्हणजे काय, हे टाकी बांधणाऱ्यांना विचारू नका, पाणी भरणाऱ्यांना विचारा, असं तो म्हणतो, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. मोजणीची वही नववीतली एक मुलगी ठेवते. बादली, घड्याळ, तारीख, वेळ. तिचं अक्षर आमच्या दोघांपेक्षा चांगलं आहे.

अशी भांडणं करणारी आम्ही पहिली जोडी नाही. फ्रान्सची कातिया आणि मोरिस क्राफ्ट ही जोडी तुम्ही ओटीटीवर पाहिली असेल, २०२२च्या 'फायर ऑफ लव्ह' या माहितीपटात. लाल लाव्ह्याच्या काठावर चंदेरी सूट घालून उभे राहणारे नवरा-बायको. मूल नको असं त्यांनी ठरवलं होतं, जगभर ज्वालामुखीमागे धावले आणि ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेनवर एकाच वेळी गेले. त्यांनी केलेल्या ज्वालामुखीच्या धोक्यांच्या फिल्मचा कच्चा भाग फिलिपीन्समध्ये लोकांना दाखवला गेला होता. दोन आठवड्यांच्या आत तिथला पिनाटुबो फुटला. डोळ्यांनी पाहिल्यामुळे माणसं घरं सोडून निघाली, हजारो वाचली. नवऱ्याला ही जोडी आवडते. मला बिरबल आणि सावित्री सहानी आवडतात. बिरबल सहानी पुरावनस्पतींचे मोठे संशोधक, आपल्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या झाडांच्या जीवाश्मांवरही त्यांचं काम आहे. सावित्रीबाई त्यांच्याबरोबर डोंगर पालथे घालायच्या. ३ एप्रिल १९४९ला लखनौमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांच्या संस्थेची कोनशिला बसली, जीवाश्म जडवलेली. आठवड्याने, १० एप्रिलला, बिरबल गेले. संस्था सावित्रीबाईंनी उभी केली. एकत्र मरण्यापेक्षा हे कितीतरी अवघड असणार.

क्राफ्ट जोडीचा मुलाचा निर्णय मला आठवतो तो जून जवळ आला की. आमची लेक साडेपाच वर्षांची आहे. तिला झिओलाइटचे तीन प्रकार ओळखता येतात, डांगी बैल ओळखता येतो आणि तिच्या बोलण्यात 'हाये' आणि 'नाय' आलं आहे, जे मला गोड वाटतं आणि माझ्या सासऱ्यांना काळजीचं. अंगणवाडी तिने राजूरला केली. आता पहिली. इथे शाळा आहेत, इथली मुलं शिकून मोठी झालीच आहेत. पण आम्ही वर्षातले किती महिने इथे असू, प्रोजेक्ट पुढच्या वर्षी असेल की नाही, हे आमच्या हातात नाही. दर दोन वर्षांनी शाळा बदललेलं मूल कसं असतं ते मला माहीत आहे, कारण ते मी आहे. वडील जलसंपदात होते.

सासू-सासरे पुण्यात आहेत, थकलेत, पण तयार आहेत. 'ठेवा आमच्याकडे' असं ते म्हणाले. नवरा म्हणाला, मूल ठेवायची वस्तू नाही. मी म्हणाले, तिला दोघांपैकी एक जण तरी रोज रात्री घरी हवा. इथे भांडण झालं नाही, हे विशेष. वीस मिनिटांत ठरलं. जूनपासून एक जण राजूरला, एक जण पुण्यात, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. पुण्यात असेल त्याने नकाशे, रिपोर्ट, डबा आणि अभ्यास. राजूरला असेल त्याने फील्ड. पगार तेवढाच, घरं दोन, एसटीचा पास वेगळा. नंतर रात्री लक्षात आलं की म्हणजे आता भिंतीला नाक लावणारा आणि डोंगराकडे बघत बसणारी, एका दिवशी एका जागी नसणार. सात वर्षांनी पहिल्यांदा. संध्याकाळी वह्या शेजारी ठेवायच्या तर त्या पंधरा दिवस जुन्या असतील. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी संगमनेरला जाऊन एक नवीन हातोडी घेऊन आला. आतापर्यंत आम्ही एकीवर भागवत होतो.

पहिली पाळी माझी आहे. झऱ्याच्या वहीत मेच्या शेवटच्या आठवड्याचा आकडा लिहायचा आहे, मग बैठक. गेल्या वर्षापेक्षा कळशी लवकर भरतेय, पण किती लवकर आणि ती टाकीमुळे की मागच्या पावसामुळे, यावर आमच्या घरात अर्थातच दोन मतं आहेत. नवऱ्याने मला चार ओळींची चिठ्ठी करून दिली आहे. ओढ्यात पाऊस सुरू व्हायच्या आत जाऊन ये, दरडीच्या डाव्या अंगाला खालून दुसऱ्या खडकाशी बघ, तांबडा पट्टा तिथे दिसेल, भिंग विसरू नकोस.

जाईन की. पण आधी समोरच्या डोंगरावर चढून बघणार आहे.